खऱ्या काट्याच्या पाच कंपन्या

आमचा धाकटा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण म्हातारा माझ्या आधी झाला. त्याला सगळे काटेवाले म्हणतात, कारण तो वजनकाटे दुरुस्त करायचा. भावजय चिडली की तीही म्हणते, "विचारा तुमच्या काटेवाल्यांना." मी धाकटाच म्हणते. माझी सगळी नोकरी इस्पितळाच्या अपघात विभागात गेली, त्यामुळे माझ्या जिभेला हाड नाही असं त्याचं मत आहे. बरोबर आहे. त्या विभागात हाडं मोडलेली माणसंच यायची, त्यात माझं एक जिभेचं नसलं तर काय बिघडलं.

त्याचा गाळा बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. आत शिरलं की उजवीकडच्या फळ्यांवर पोटं उघडलेले काटे, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली मालकाच्या नावाची चिठ्ठी. डावीकडे काम करायचं टेबल, त्यावर दिवा, भिंग आणि त्याचा थंड झालेला चहा. मागे लोखंडी कपाट आणि त्यात पितळी वजनांची पेटी. त्या वजनांना त्याने कधी उघडं बोट लावलं नाही. हाताचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणायचा, म्हणून चिमट्याने उचलायचा. मूलबाळ काही झालं नाही दोघांना. सकाळी उठलं की गाळा, संध्याकाळी दिवे लागले की घर, यापलीकडे त्याला जग नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नकोही होतं.

तर त्या गाळ्यावर गदा आली. जुना मालक वारला आणि त्याच्या मुलाने येऊन अगदी गोड आवाजात सांगितलं, "काका, आम्ही विकतोय. तुम्ही इतकी वर्षं आहात म्हणून आधी तुम्हाला विचारतो. वर्ष संपेपर्यंत घ्या, नाहीतर मग आमचाही नाइलाज आहे." भाडेकरू म्हणून त्याच्याजवळ कागद म्हणावा असा एकही नव्हता. सगळा व्यवहार तोंडी, जुन्या मालकाच्या शब्दावर. त्याच्याजवळ साठवलेले पैसे होते ते किमतीच्या दोन तृतीयांश भरत होते. बँकेने वय विचारलं आणि खुर्ची मागे सरकवली. माझं होतं नव्हतं ते मी पुढे केलं, तर म्हणाला, "ताई, तुझं पेन्शन तुझ्यापाशी ठेव. उद्या तू पडलीस तर मी कुणाकडे हात पसरू?" मी म्हटलं, "मी पडायची वाट बघतोयस का?" पण घेतले नाहीतच. हट्टी आहे. तो हट्ट आमच्या आईकडून आलाय, मला थोडा जास्तच आलाय.

राहिलेला एक तृतीयांश तो शेअर बाजारातून काढणार होता. हे ऐकून मी कपाळाला हात लावला. पण तो त्यात नवखा नव्हता. गाळ्याच्या वरच्या मजल्यावर एका दलालाचं ऑफिस होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की धाकटा जिना चढून वर जाऊन बसायचा. दहा-पंधरा वर्षांत थोडं थोडं घेऊन, थोडं विकून, त्याने गमावलं काही नव्हतं. ताकही फुंकून पिणारा माणूस. त्याचं दुखणं एकच होतं, त्याची वॉचलिस्ट. म्हणजे नजर ठेवायच्या कंपन्यांची यादी, फोनमध्ये असते. कुणी काहीही सांगितलं की ह्याने ते नाव यादीत टाकायचं. न्हाव्याने सांगितलं, टाक. दंतवैद्याने दात उपटता उपटता सांगितलं, हा तोंडात बोळा घेऊन घरी आला आणि आधी ते टाकलं. नावं दोनशेच्या घरात गेली होती. सकाळी फोन उघडला की ती सगळी लाल-हिरवी होऊन वळवळायला लागायची, आणि हा त्यांच्याकडे बघता बघता काहीच करायचा नाही. एक ना धड भाराभर चिंध्या.

"अरे, आमच्याकडे बस उलटली आणि एकदम चाळीस माणसं आली की आम्ही चाळिसांकडे बघत बसत नव्हतो," मी त्याला म्हटलं. "आधी दारातच वेगळी काढायची. कोण थांबू शकतं, कोण नाही. तुझं म्हणजे चाळीस जणांची एकदम नाडी धरायला गेल्यासारखं आहे."

ते त्याला पटलं. रविवारी सकाळी बाजार बंद असतो, तेव्हा आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. मोतीबिंदू काढल्यापासून माझी नजर त्याच्यापेक्षा चांगली, म्हणून फोन माझ्या हातात. मी नाव वाचायचं, त्याने ठेव किंवा काढ म्हणायचं, काढ म्हटलं की मी बोटाने उडवायचं. भावजय पलीकडे शिलाई मशीनवर पडद्यांना पट्ट्या मारत होती आणि मधूनच पाय थांबवून ऐकत होती.

पहिली चाळणी सोपी होती. "ही यादीत का आहे?" असं मी विचारायचं. उत्तर आलं नाही, की गेली. न्हाव्याच्या गेल्या, दंतवैद्याच्या गेल्या, टीव्हीवरच्या टायवाल्याच्या सगळ्या गेल्या. मला तर मजा यायला लागली. दुसऱ्या चाळणीत कर्जात बुडालेल्या काढल्या. तिसऱ्यात त्याने अशा काढल्या ज्यांच्या शेअरला दिवसभरात चार गिऱ्हाईकं येत नाहीत. "घ्यायला सोपं असतं गं," तो म्हणाला, "पण विकायच्या दिवशी घेणारा लागतो. शिरायला दार आहे आणि निघायला नाही, अशा खोलीत जायचंच नाही." मला ते फार शहाणपणाचं वाटलं. अजूनही वाटतं.

तीसेक उरल्या आणि गाडं अडलं. सगळ्याच बऱ्या. ही काढू तर ती का ठेवू. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मी म्हटलं, "ह्यातल्या कुणाला तू ओळखतोस तरी का?"

त्याचा चेहरा खुलला, तो मला आजही दिसतो. म्हणाला, "पाच जणींना ओळखतो. त्यांच्या आवारातले काटे मी बघतो."

आणि मग त्याने बोलायला सुरुवात केली. एरवी चार वाक्यांत दिवस काढणारा माणूस. म्हणाला, कंपनी खोटी आहे की खरी हे बाहेरच्याला कळत नाही, पण काटेवाल्याला कळतं. रंगाचे डबे बनवणारी एक मोठी कंपनी होती, यादीत वरच होती. तिथे डबा भरायच्या काट्याला कुणीतरी मुद्दाम हात लावलेला त्याने स्वतः पाहिला होता. दर डब्याला चमचाभर रंग कमी जात होता. "काढ तिला," तो म्हणाला, इतक्या रागाने की भावजयीने वळून बघितलं. ज्यांचा काटा त्याने पाहिला नव्हता त्या सगळ्या गेल्या. उरल्या पाच: पाइपवाली, पिठाच्या गिरण्यांवाली, सिमेंटवाली, औषधाच्या बाटल्या करणारी आणि शीतगृहवाली, म्हणजे जिची माल थंड ठेवायची मोठमोठी गोदामं होती ती.

"आता नंबर लाव," मी म्हटलं. "पाचही एकदम घेता येत नाहीत ना."

नंबर लावायलाही त्याच्यापाशी मोजमाप तयार होतं. काटा किती खरा राहतो. जमिनीत बसवलेला मोठा काटा असतो, त्याच्या चारही कोपऱ्यांवर तेच वजन ठेवून बघायचं. चारही ठिकाणी आकडा सारखा आला पाहिजे, आणि वजन उचललं की परत शून्य आलं पाहिजे. गिरणीवालीचा काटा दरवेळी बिघडलेला, हमाल त्यावर पोती आपटतात. तिला चौथा नंबर. सिमेंटवालीचं तर विचारूच नकोस म्हणाला, तिकडे तीन महिन्यांत कोपरे बसतात. ती पाचवी. आणि पहिली शीतगृहवाली.

"किती वर्षं जातोय मी तिथे," तो म्हणाला. "एकदाही शून्य हललेलं नाही. स्क्रूला हात लावावा लागला नाही. मालक स्वतः येऊन पाठीवर थाप मारतो. अशी शिस्त असते ताई, जिथे असते तिथे."

मशीन थांबलं. "मग पैसे कसले घेता त्यांच्याकडून?" भावजयीने विचारलं. आम्ही दोघंही हसलो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो हलका झाला होता. फोनवर फक्त पाच नावं. घाईने घेतलं मात्र नाही, ते त्याच्या स्वभावात नव्हतं. शीतगृहवालीचा भाव त्याला फार चढा वाटत होता. म्हणून हातात होते ते किरकोळ शेअर विकले, गाळ्यासाठी साठवलेले पैसेही त्यात घातले, आणि बऱ्याच खालच्या भावाला ऑर्डर लावून ठेवली. तेवढ्याला आला तर आपोआप घेतला जाईल, नाही आला तर नाही. "आता रोज बघायचं कारण नाही," म्हणाला. "ठरलंय." यादी कमी करायची ती यासाठीच ना, माणसाने चोवीस तास फोनकडे बघत बसू नये. तो परत गाळ्यात जाऊन काम करायला लागला. मला वाटलं, चला, एकदाची भुणभुण संपली.

ऑक्टोबरात तो गिरणीच्या कामाला दुसऱ्या गावी गेला. तीन दिवसांचं काम होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आला तो घरी न जाता आधी माझ्याकडे. हातात हत्यारांची पिशवी, कपड्यांवर पीठ, आणि तोंडभर हसू. "ताई, मिळाला. मी म्हटलं होतं त्याच भावाला. सगळा." पाणी द्यायला मी उठले तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतो. वरच्या मजल्यावरचा दलाल होता.

"काटेवाले, तुमच्या नावावर शीतगृहवाली दिसतेय. तुम्ही आज घेतलीत? आज?"

"हो. भावात आली ना."

पलीकडून तो म्हणाला, "तुम्ही बातम्या नाही बघितल्या?"

बातमी परवाची होती. गोदामांत माल आहे असं दाखवून कंपनीने बँकांकडून पैसा उचलला होता, आणि बँकेची माणसं मोजायला गेली तर गोदामं रिकामी. तीन दिवस जो तो विकायला धावत होता, आणि घेणाऱ्यांत एकटे आमचे काटेवाले, तेही दोन महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलेले. पाण्याचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. त्याने फोन बंद केला, खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. माझ्या घरात तो कधी बूट काढून बसत नाही, उभ्या उभ्या बोलून जातो. ती नाडी काही त्याला सुटली नाही.

पुढचे दिवस आठवले की अजून माझा संताप होतो. दिवसाला भाव जेवढा पडायची मुभा असते तेवढा सकाळी उघडताच पडायचा. विकणाऱ्यांची ही रांग आणि घेणारा औषधालाही नाही. रोज सकाळी वर जाऊन तो विकायला लावायचा आणि दुपारी तसाच खाली यायचा. तो म्हणाला होता ना, निघायला दार नसलेल्या खोलीत जायचंच नाही? त्याने ऑर्डर लावली तेव्हा त्या खोलीला दार होतं, ते मागून लावलं गेलं. मी त्याला एक शब्द बोलले नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे काय ते समजा. भावजयीने एकदाच विचारलं, "गाळ्याचं काय?" तो म्हणाला, "गेला." त्यावर ती उठून आत गेली आणि बराच वेळ मशीनचा आवाज येत राहिला. मी आत डोकावले तर सुईत दोरा नव्हता.

शेवटी कंपनीच्या शेअरची खरेदी-विक्रीच बंद झाली. डिसेंबरात गाळा रिकामा केला. चिठ्ठ्या वाचून ज्याचे काटे त्याला परत दिले, टेबल शेजारच्या सुताराने नेलं. पितळी वजनांची पेटी घरी आली आणि शिलाई मशीनखाली गेली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. मालकाच्या मुलाला किल्ली देताना हा म्हणतो, "दिव्याचं बटण जरा दाबून धरावं लागतं." मी तिथेच उभी होते. मला इतका राग आला की रडूच आलं. अरे, तुला काढतायत आणि तू त्यांना बटणाचं सांगतोयस.

त्यानंतर तो घरातच बसून असायचा. फोनवर ती पाच नावं तशीच होती, चार हलायची, एक नाही. मी म्हटलं, "काढ ना ते आता." तो म्हणाला, "काढून काय होणार."

मार्चमध्ये त्याला एक फोन आला. शीतगृहवालीचं सामान विकायला कोर्टाने माणूस नेमला होता. लोखंड भंगारात जाणार, ते तिथल्याच काट्यावर तोलणार, तर काटा बरोबर आहे असं लिहून द्यायला कुणीतरी हवं. जुन्या बिलांवर ह्याचं नाव सापडलं. जाऊ नकोस म्हणून मी घसा फोडला. तो म्हणाला, "काम आहे ताई." भावजय मला हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्ही जा बरोबर. एकटं नका सोडू त्यांना." म्हणून मी गेले.

एवढं मोठं गोदाम मी पाहिलं नव्हतं. जाड जाड दरवाजे सताड उघडे, यंत्रं बंद, आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. दरवाजांसमोरच्या आवारात जमिनीत तो काटा; थंडी बाहेर जाते म्हणून हे दरवाजे ह्याच्यासमोर आजवर कधी उघडले नव्हते. कोर्टाचा माणूस तरुण होता, सभ्य होता, त्याने मला खुर्ची आणून दिली. भंगारवाल्याच्या हमालांकडून ह्याने लोखंडी वजनं आणवली, पहिल्या कोपऱ्यावर ठेवली, आकडा पाहिला. मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. चारही ठिकाणी तोच आकडा. वजनं उचलली, शून्य आलं. मी मनात म्हटलं, घ्या, काटा तेवढा खरा निघाला.

तो तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "पत्रा उचला." हमालांनी वरचा पत्रा उचलून बाजूला ठेवला. धाकटा गुडघ्यांवर बसला, त्याच्या वयाला ते सोपं नाही, आणि बॅटरी लावून आत बघत राहिला. चारही कोपऱ्यांखालच्या रबरी गाद्यांवरून त्याने बोट फिरवलं. मी उठून जवळ गेले.

"काय झालं रे?"

"रबर बघ." मला त्यातलं काय कळणार, पण मी वाकून बघितलं. काळं कुळकुळीत होतं, कडा धारदार. "गिरणीत हे सहा महिन्यांत दबून चपटं होतं," तो म्हणाला. "सिमेंटवालीकडे फाटतं. काटा वापरला की बिघडतोच ताई. रोज माल चढला की कोपरे बसणार, शून्य हलणार. म्हणून तर मी लागतो." त्याने बॅटरी बंद केली. "इतकी वर्षं ह्याचं शून्य हललं नाही. मी दरवेळी खूश होऊन घरी यायचो."

मी आयुष्यभर लोकांच्या नातेवाइकांना वाईट बातम्या सांगितल्या. काय बोलायचं, खांद्यावर हात कधी ठेवायचा, सगळं पाठ. तो उठायला लागला तेव्हा मी त्याचं कोपर धरलं, तेवढंच.

कोर्टाचा माणूस कागद घेऊन आला. "काटा बरोबर आहे ना, काका?"

"बरोबर आहे," धाकट्याने सांगितलं आणि सही केली. "अगदी बरोबर आहे. ह्याच्यावर कधी काही ठेवलंच नाही."